घड्याळजींनी लावलेला जोर

घड्याळजींच्या घरात एकही घड्याळ बरोबर वेळ दाखवत नाही, आणि याला कारण त्यांची बायको. त्या निवृत्त शिक्षिका. अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणते, चारचौघांत घड्याळजीसुद्धा. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशा लोकांसाठी बाई घरच्या कॉम्प्युटरवर पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. माइकला टिकटिक ऐकू जाते, म्हणून वाचन सुरू व्हायच्या आधी घड्याळजी घरभर फिरून एकेक लंबक हाताने थांबवतात. वाचन संपलं की अंदाजाने पुन्हा सुरू करतात. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला शेजाऱ्यांना वेळ विचारावी लागते, पण त्यांची त्याबद्दल तक्रार नाही.

कॉम्प्युटर मात्र म्हातारा झाला होता. बाई रंगात आल्या की नेमका हा मख्ख होऊन बसायचा आणि वाचलेलं सगळं पाण्यात जायचं. एकाच प्रकरणाचं तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा बाईंनी हेडफोन काढले, माइक पुसला आणि कपाटात ठेवून दिला.

"बस झालं. एवढंच वाचन होतं माझ्या नशिबात," त्या म्हणाल्या.

निवृत्त झाल्यावर बाई कशा खिडकीशी नुसत्या बसून असायच्या, विचारलं तर हं नाही की चूं नाही, ते घड्याळजींनी पाहिलं होतं. या वाचनानेच त्यांना माणसांत आणलं होतं. त्या पुन्हा खिडकीशी जाऊन बसायला नकोत, एवढं एकच त्यांना कळत होतं.

परगावच्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "मशीन चांगलं आहे बाबा, मेमरी कमी पडतेय. जुन्या पट्ट्या काढून नव्या घालायच्या. दुकानातून माणूस बोलवा."

"माणूस कशाला? मी मेलोय का?"

"अहो, त्यात काटे नसतात," बाई म्हणाल्या.

पण घड्याळजी हट्टाला पेटले होते. नव्या पट्ट्या आणल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरची वायर काढून तो जेवणाच्या टेबलावर आडवा घातला, खाली पांढरं फडकं पसरलं, डोळ्याला भिंग लावलं. बाजूचा पत्रा उघडला तर आत धुळीची गोधडीच. फुंकणीने आणि मऊ ब्रशने त्यांनी ती अशी काढली, की बाई म्हणाल्या, "घरातला पंखा कधी असा पुसला नाहीत!" मग दोन्ही बाजूंच्या चिमट्या उघडून जुन्या पट्ट्या निघाल्या, खाचेला खाच जुळवून नव्या उभ्या राहिल्या. घड्याळजींनी पत्रा लावला, वायर जोडली आणि ऐटीत बटण दाबलं.

पडदा काळा. आतून नुसती लांबलचक शीळ.

पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा शीळ. जुन्या पट्ट्या घातल्या, तर त्यांनाही शीळ; परत नव्या घातल्या, तरी शीळच. आता मात्र घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. निदान रडतखडत चालणारं मशीन होतं, तेही त्यांनी मारलं होतं. बाई उठल्या आणि खिडकीकडे गेल्या.

घड्याळजींनी मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मशीनसमोर टेकवून ठेवला.

"बाबा, पट्टी नीट बसलीच नाहीये. एक बाजू वर दिसतेय. दाबा."

"दाबलीय की."

"कुठे दाबलीय? नुसती टेकवलीय! दोन्ही अंगठ्यांनी जोर लावा. खट् आवाज आला पाहिजे."

आता आली का पंचाईत! ज्या उस्तादाकडे घड्याळजी हे काम शिकले, तो हातात छडी घेऊन बसायचा. पोराने जरा दाब दिला की बोटांवर फटका. "जोर बैलाला लावायचा, घड्याळाला नाही," हे त्याचं वेदवाक्य. तेव्हापासून घड्याळजींनी कशालाच जोर लावला नव्हता. बरणीचं झाकण घट्ट बसलं तर ते बाईंकडे द्यायचे. कुणाच्या दाराची कडी वाजवली तर आतल्यांना पत्ता लागत नसे.

त्यांनी अंगठे ठेवले, जरासा भार दिला. खालचा बोर्ड किंचित वाकला, करकरला. चटका बसावा तसे त्यांनी हात मागे घेतले.

"नाही जमत गं. मोडेल ते."

"नाही मोडत हो बाबा!"

"आता माझ्या हातांत राम राहिला नाही," घड्याळजी म्हणाले. त्यांचा आवाज इतका पडला होता, की बाई खिडकी सोडून आल्या. त्यांनी टेबलावरचा तो पसारा पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि पदर खोचला.

"ठेवा अंगठे."

"अगं, तूच दाब ना."

"मी नाही. तुमचे ठेवा."

घड्याळजींनी ठेवले. बाईंनी आपले अंगठे त्यांच्या अंगठ्यांवर ठेवले.

"जन्मभर हळुवार वागलात. मला त्याची तक्रार नाही. आज एकदा माझ्यासाठी दांडगाई करा. मोडलं तर मोडलं."

दोघांनी मिळून जोर लावला. बोर्ड करकरला, घड्याळजींनी डोळे मिटून घेतले, आणि खट्!

"मोडलं!" ते ओरडले.

"बसली!" फोनमधून मुलगी त्यांच्याहून मोठ्याने ओरडली.

दुसरी नवी पट्टी त्यांनी एकट्याने बसवली. त्या वेळी लावलेला जोर पाहून बाईंना म्हणावं लागलं, "अहो, टेबल मोडाल." बटण दाबलं. या खेपेला शीळ नाही. पडदा उजळला.

चहासुद्धा न घेता बाईंनी माइक लावला, घड्याळजींनी घरभर लंबक थांबवले. बाईंनी तेच प्रकरण चौथ्यांदा काढलं आणि वाचायला लागल्या. मशीन अडलं नाही. पान उलटलं, दुसरं उलटलं. निम्म्यावर आल्यावर बाईच थांबल्या आणि मागे वळल्या.

"अहो, तुम्ही रडताय."

"छे. धूळ गेली डोळ्यात."

"मग बाहेर जा. आवाज येतोय रेकॉर्डिंगमध्ये."

"नाही जात," घड्याळजी म्हणाले. एवढ्या जोरात त्यांनी बाईंना आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, आपल्या शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली आणि पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.