गुप्तेबाई आणि दर्यावरची गोचीड

गुप्तेबाईंच्या पर्समध्ये दोन फण्या असायच्या. एक स्वतःच्या केसांसाठी, दुसरी पक्ष्यांच्या पिसांसाठी; आणि दोन्ही एकाच कप्प्यात! कोपरीतल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्या माझ्या सीनियर होत्या. रविवारी खाडीवर मासे आणायला जायच्या आणि पापलेटांबरोबर एखादा मेलेला कुरव पक्षीही कागदात गुंडाळून आणायच्या. त्याच्या अंगावरच्या गोचिडी शोधायच्या. "पक्षी मेला की सगळे हळहळतात. पण त्याच्या अंगावर राहणाऱ्यांचं घर गेलं, त्यांना कोण विचारतं?" असं वर आम्हालाच ऐकवायच्या.

ऐंशीच्या दशकातल्या एका जुलैत, वादळानंतर, जनाबाई कोळीण पाटीत जिवंत पक्षी घेऊन थेट लॅबमध्ये आली. काळी पाठ, पांढरं पोट, मान टाकलेली.

"बाय, ह्यो आपल्या खाडीचा नाय, दर्यावरचा हाय. वाऱ्यानं पाडला."

"वाऱ्याने पाडला की तापाने?" पिसांत फणी घालत बाई पुटपुटल्या.

"पक्ष्याला ताप येतो?" मी विचारलं.

"त्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं गं. चाचपून कसं कळणार?"

समुद्रपक्ष्यांच्या गोचिडींमध्ये स्क्रूसारखे पिळदार जिवाणू असतात, ते चाव्यातून रक्तात उतरतात आणि ताप उलटून उलटून येतो, असं बाईंनी कुठेतरी वाचलं होतं. ते एकदा डोळ्यांनी पाहायचं, हा त्यांचा ध्यास. पक्ष्याच्या रक्ताच्या थेंबात काहीच सापडलं नाही. मासे खाऊन तो तरतरीत झाला आणि जनाबाईच्या नवऱ्याने त्याला होडीतून नेऊन सोडून दिलं. दरम्यान त्याची एक गोचीड मात्र बाईंच्या मनगटाला चावली होती.

काही दिवसांनी बाईंना सणकून ताप भरला. उतरला, पुन्हा भरला. मी घरी गेले तर गुप्तेकाका गोळी हातात धरून उभे.

"अगं, आधी गोळी घे, मग संशोधन कर!"

"गोळी घेतली की ताप कशाचा ते कळायचंच नाही. पक्ष्याने सांगितलं नाही, ते आता मी सांगते. तू रक्त घे गं. ताप चढलाय तोवर घे."

बाई थडथड उडत होत्या आणि डोळे मात्र लकाकत होते. मला त्यांचा भयंकर राग आला. रक्त घेऊन धावत लॅबमध्ये आले. स्लाइड पाहिली, खात्रीसाठी पुन्हा पाहिली, आणि हायसं वाटून परत गेले.

"बाई, मलेरिया आहे."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. "एवढा दर्या ओलांडून पाहुणी आली, चावली, आणि ताप कुणाचा? आमच्याच गटारातल्या डासाचा!" काकांनी तेवढ्यात गोळी त्यांच्या तोंडात घातली. ती गिळून बाई म्हणाल्या, "पण ते जिवाणू माझ्यात नाहीत, एवढंच ठरलं. त्या पक्ष्यात नव्हते, असं कुठे ठरलं?"

ते जिवाणू बाईंना कधीच दिसले नाहीत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर मी भेटायला गेले. दाराशीच थांबले. बाईंनीच खुणेने जवळ बोलावलं.

"माझी स्लाइड तू स्वतः पाहिलीस ना? कशा दिसतात गं त्या पेशी?"

मला रडू फुटलं.

"रडायचं नंतर," बाई म्हणाल्या. "आधी आकार सांग."