घोडीवरून ती उतरली तेव्हा

माझ्या मुलीनं त्या स्पर्धेत उतरावं असं तिच्या आधी मला वाटलं होतं, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. तुळजापूरच्या बाहेर, सोलापूर रस्त्याला एक निवासी शाळा आहे. तिथं दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी स्पर्धा ठेवली होती. पोहणं, धावणं आणि घोडेस्वारी, तिन्ही एकाच दिवशी, आणि तिन्हीचे गुण मिळून एकच निकाल. मी ज्या कार्यालयात कारकून आहे तिथल्या फळ्यावर कुणीतरी त्याचा कागद लावला होता. तो वाचताना मला वाटलं, ही स्पर्धा आपल्या पोरीसाठीच काढलीय.

तसं वाटायला कारण होतं. माझं सासर अणदूरजवळच्या एका खेड्यातलं, मेंढरं राखणाऱ्यांचं. नवऱ्याला नोकरी लागली आणि आम्ही तुळजापुरात आलो, पण सासरे अजूनही मेंढरं राखतात. त्यांच्याजवळ एक बुटकी तांबडी घोडी आहे. मेंढरं घेऊन लांब जायचं झालं की तिच्या पाठीवर बिऱ्हाड चढतं, एरवी ती बांधाला चरत असते. पोरगी चार वर्षांची असल्यापासून तिच्यावर बसते, पाठीवर नुसतं घोंगडं टाकून. पोहायलाही आजोबांनीच, तिच्या आबांनी, शिकवलं, विहिरीत, पाठीला प्लॅस्टिकचा डबा बांधून. धावायला तिला कुणी शिकवलं नाही. मेंढरामागं पळून पळूनच ती तयार झाली.

अर्जात लिहिलं होतं की स्वतःचं तट्टू असेल तर आणता येईल, फक्त जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला जोडावा लागेल. त्या दाखल्यासाठी मी तीन खेपा घातल्या. पहिल्या वेळी डॉक्टर लसीकरणाला गेलेले. दुसऱ्या वेळी ते भेटले, पण शिक्का ज्यांच्या कपाटात होता ते साहेब रजेवर. तिसऱ्या वेळी म्हणाले, घोडी समोर आणा, त्याशिवाय मी सही करणार नाही. बरोबरच होतं त्यांचं. मग सासऱ्यांनी पिकअपमधून घोडी आणली, डॉक्टरांनी तिचे दात बघितले, खूर बघितले आणि दाखला दिला. मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात साड्यांच्या खाली ठेवला.

स्पर्धा फेब्रुवारीतल्या एका रविवारी होती. सकाळी सातला हजर राहा असं बजावलं होतं. सासरे घोडी घेऊन सहालाच फाटकावर उभे होते. धोतर, पागोटं, खांद्यावर घोंगडी. आमच्या आजूबाजूला मोटारी येऊन लागत होत्या. पोरं उतरत होती ती गुडघ्यापर्यंतच्या बुटांत आणि टोप्यांत. एका बाईनं आमच्या घोडीकडं बघून आपल्या मुलाला विचारलं, हे पण स्पर्धेतलं आहे का रे? ती काही वाईट बोलली नव्हती. तरी मी दोन पावलं बाजूला सरकले, जणू घोडी आणि सासरे दुसऱ्याच कुणाचे आहेत. पोरगी मात्र घोडीच्या गळ्याला बिलगून उभी होती.

सात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले. पाहुणे यायचे होते. पाहुण्यांशिवाय सुरू करता येत नाही असं एक तरुण शिक्षक हातात यादी घेऊन सगळ्यांना सांगत फिरत होता. पोरांना मैदानात रांगेत बसवून ठेवलेलं. दहा वाजता ऊन चांगलंच चढलं. मी दोनदा जाऊन म्हटलं की पोरांना निदान सावलीत तरी बसवा, तर तो म्हणाला, पाहुणे आले की रांग पुन्हा लावायला वेळ जाईल मॅडम. साडेदहाला पाहुणे आले, भाषण झालं, सत्कार झाले. नारळ फुटेपर्यंत अकरा वाजून गेले होते.

आणि मग लाऊडस्पीकरवरून कळलं की सगळ्या मुलांना समान संधी मिळावी म्हणून घोडेस्वारी शाळेच्याच तट्टांवर होईल, चिठ्ठ्या टाकून.

मी पिशवीतून दाखला काढला, अर्जाची झेरॉक्स काढली आणि त्या शिक्षकासमोर धरली. तुम्हीच लिहिलंय की स्वतःचं तट्टू चालेल, मी म्हटलं. त्यानं दोन्ही कागद वाचले. दाखला घेतलात ते चांगलंच केलंत, म्हणाला, पण आज तो लागणार नाही. समितीचा निर्णय आहे. समिती कुठं बसलीय विचारलं तर म्हणाला, समिती सकाळीच बसून गेली.

मी जाऊन सासऱ्यांना हे सांगितलं. त्यांनी घोडी फाटकाबाहेरच्या लिंबाला बांधली, बादली मागून तिला पाणी पाजलं आणि परत येऊन मैदानाभोवतीच्या दोरीपाशी उभे राहिले. त्यांनी राग केला असता तर मला बरं वाटलं असतं. सगळा राग मला एकटीलाच करावा लागत होता.

आधी पोहणं झालं. पोरगी आयुष्यात पहिल्यांदा फरशी लावलेल्या तलावात उतरत होती. विहिरीत माणूस गोल गोल पोहतं, आणि डोकं वर ठेवून पोहतं, कारण विरोळा, पाण्यातला साप, असला तर दिसला पाहिजे. ती तशीच, मान ताठ ठेवून हात मारत गेली. बघणारे हसले. पलीकडच्या भिंतीला हात लावून परत फिरायचं असतं हे तिला आठवायला जरा वेळ लागला, तरीही ती दुसरी आली. धावण्यात तर प्रश्नच नव्हता. शाळेच्या कुंपणाला दोन फेऱ्या होत्या. दुसऱ्या फेरीत तिच्या मागचं पोर एवढं लांब होतं की तिनं शेवटी वळून बघितलं, बाकीचे कुठं राहिले म्हणून.

फळ्यावर गुण लिहिले गेले. दोन्ही मिळून ती पहिली होती. सकाळी घोडीकडं बघून विचारणारी बाई आता आमच्या पोरीकडं बघत होती, आणि ते मला फार आवडलं. तिथून पुढं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मला ती पहिल्या नंबरची ढाल पाहिजे होती. पोरीसाठी म्हणत होते मी मनात, पण मला पाहिजे होती.

घोडेस्वारीला सहा तट्टं होती. बांबू रोवून वाट आखलेली, तिच्यावरून तीन फेऱ्या मारायच्या. तट्टू बिचकलं तर गुण कमी, स्वार खाली आला तर शून्य. पोरीच्या चिठ्ठीत पांढरी घोडी निघाली. तिच्यावर आधी दोन मुलं बसून गेली होती. पहिल्याच्या वेळी ती मध्येच थांबली. दुसऱ्याच्या वेळी तिला सांभाळणाऱ्या मोतद्दारानं मागून छडी लावत लावत फेऱ्या पुऱ्या करून घेतल्या.

पोरगी टोपी घालून आपल्या पाळीची वाट बघत होती तेव्हा सासरे माझ्याजवळ आले. तिथं उभे असताना त्यांनी दुसरीकडं कुठं बघितलंच नव्हतं, फक्त त्या पांढऱ्या घोडीच्या पायांकडं.

"त्या घोडीचा तंग रुतायलाय बघ कुठंतरी. पुढचा पाय आखडून टाकतीय ती. पोरीला बसवू नको तिच्यावर."

तंग म्हणजे खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा. मी घोडीकडं बघितलं. मोतद्दार तो पट्टा ओढत होता आणि घोडी कान मागं पाडून मान वळवत होती, चावायला आल्यासारखी. मी एवढी वर्षं त्या घरात आहे, कान मागं पाडलेली घोडी म्हणजे काय हे मलाही कळतं.

"मामा, आता काही बोलू नका," मी म्हटलं. "पोरगी पहिली चाललीय."

ते सरळ परीक्षकांकडं गेले. लांबून मला एवढंच दिसलं की परीक्षकांनी हात करून त्यांना दोरीबाहेर जायला सांगितलं, आणि यादीवाल्या शिक्षकानं त्यांच्या दंडाला धरून परत आणून सोडलं. आजोबा, आत येऊ नका, स्पर्धा चालू आहे, असं तो समजावणीच्या सुरात सांगत होता. मी ते बघितलं आणि जागची हलले नाही.

पोरगी चढली. घोडी दहा-बारा पावलं चालली असेल. मग थांबली. मोतद्दार छडी घेऊन पुढं झाला तसा पोरीनं त्याला हात करून थांबवलं. पुढं वाकून घोडीच्या मानेवरून हात फिरवला, काहीतरी पुटपुटली, खाली वाकून बघितलं. आणि सरळ उतरली.

मंडपात हसू उठलं. पडली नव्हती, कुणी पाडलं नव्हतं, आपल्या पायांनी उतरली होती.

"चढ वर!" मी दोरीवरून ओरडले. "उतरलीस की संपलं सगळं. चढ म्हणते ना!"

तिनं माझ्याकडं बघितलं. एवढ्या मैदानात तिला माझा आवाज बरोबर ऐकू आला होता. मग तिनं घोडीच्या पोटाखाली हात घातला, बाहेर काढून बोटं बघितली आणि पट्ट्याचं बक्कल सोडायला लागली. ते निघेना. सासरे दोरी ओलांडून आत गेले, आणि या वेळी त्यांना अडवायला कुणी पुढं आलं नाही. दोघांनी मिळून खोगीर उतरवलं. पट्ट्याखाली तळहाताएवढा चट्टा होता, केस झडून गेलेला, कडेनं चिघळलेला.

परीक्षकांनी झेंडी वर केली. शून्य.

मोतद्दार मान खाली घालून उभा होता. सासऱ्यांनी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, आठवडा झाला मी शाळेत सांगून. स्पर्धा झाल्यावर बघू म्हणाले. सासऱ्यांनी त्याच्यावर राग धरला नाही. शाळेच्या स्वयंपाकघरातून हळद आणि तेल मागवलं आणि तिथंच, मैदानाच्या कडेला, घोडीचा चट्टा पुसत बसले. पोरगी तोंडाशी लगाम धरून उभी राहिली. पलीकडं पुढच्या पोराचं नाव पुकारलं गेलं आणि त्याला दुसरं तट्टू देण्यात आलं. तेवढं मात्र झटकन जमलं.

निकालात ती पाचवी होती. बक्षीस तिघांना. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. ऐन वेळी नियम बदलला, जखमी जनावर स्पर्धेत आणलं, जिनं ते ओळखलं तिलाच शून्य दिलं, हे सगळं मी एका दमात बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "लेखी द्या."

मी स्वतः आठवड्याला वीस-पंचवीस माणसांना हे दोन शब्द सांगते. समोरच्या माणसाचं तोंड ते ऐकल्यावर कसं होतं ते मला माहीत होतं. माझंही तसंच झालं असणार.

मी लेखी दिलं, दोन पानं भरून. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. स्पर्धा नियमानुसार पार पडली असून आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे. असली उत्तरं मी टाइप करते, त्यामुळं वाचायला अर्धं मिनिटही लागलं नाही. पुन्हा लिहिलं, त्याला उत्तरच आलं नाही. फोन केला तर तो यादीवाला शिक्षक नोकरी सोडून गेला होता. समितीत कोण होतं हे मला अजूनही कळलेलं नाही.

सासरे मात्र दोनदा एसटीनं त्या शाळेत जाऊन आले. आम्हाला नंतर कळलं. दुसऱ्या वेळी घोडीच्या जखमेवर खपली धरली होती म्हणे, आणि मोतद्दारानं तिच्या तंगाला जुन्या गोधडीचं कापड शिवून घेतलं होतं. ढालीविषयी त्यांनी एक शब्द काढला नाही, माझ्या अर्जांविषयीही नाही. मी त्यांना म्हटलं, मामा, त्या दिवशी मी तुमचं ऐकायला पाहिजे होतं. ते म्हणाले, "व्हय." एवढंच. न्हाय गं, असू दे, असं काहीतरी म्हणतील असं मला वाटलं होतं.

पोरीशी बोलायला मला बराच वेळ लागला. एका सकाळी शाळेआधी तिची वेणी घालताना मी म्हटलं, मी तसं ओरडायला नको होतं. तिनं आरशातूनच सांगितलं, "जाऊ दे मम्मी. तू लांब होतीस. तुला कुठं दिसत होतं?"

तिथं गप्प बसले असते तर विषय मिटला असता. पण इतके दिवस मी सगळ्यांना कागद लिहून लिहून खरं काय ते विचारत होते.

"दिसत होतं," मी म्हटलं. "आणि आबांनी तुझ्या आधी मला सांगितलं होतं."

ती वळून माझ्याकडं बघायला लागली. केस माझ्या हातातून सुटले. "तुला माहीत होतं, तरी चढ म्हणालीस?"

"हो."

तिनं रिबन माझ्या हातातून घेतली, राहिलेली वेणी स्वतःच घातली, वाकडी, आणि दप्तर उचलून निघून गेली. त्या दिवशी दुपारी कार्यालयात एक म्हातारे गृहस्थ तिसऱ्यांदा त्याच कामासाठी आले. मी त्यांना बसायला सांगितलं आणि त्यांचा कागद ज्या टेबलावर अडकला होता तिथं स्वतः उठून गेले. काम त्या दिवशीही झालं नाही. साहेब बाहेर गेले होते.