सहावा मासा

आमच्या घरातला एक सदस्य मी गुपचूप बदलला आणि ही बातमी महिनाभर दाबून ठेवली.

मुलगी मुक्ता शिकायला जर्मनीला गेली आणि तिचा फिशटँक नगरला आमच्याकडे राहिला. त्यात दक्षिण अमेरिकेतल्या जातीचे सहा मासे होते. दोन पेरांएवढे, मिशावाले, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत. "बाबा, सहाचे पाच होऊ देऊ नका," ती विमानतळावर म्हणाली. (आईला मिठी, मला सूचना.)

तिसऱ्या आठवड्यात एक मासा गेला.

"सांगून टाका तिला," बायको म्हणाली.

"परीक्षा आहे तिची."

"घाबरता, ते कबूल करा."

मी तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. दोन सूत्रांकडून खात्री केल्याशिवाय ओळ छापली नाही. मेलेला मासा डबीत घालून मी माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार पाथर्डीकडचा.

"काका, ह्योच हाय," त्याने टाकीतलं एक पिल्लू दाखवलं. "चिलखत बघा, मिशा बघा. लई टिकतो."

तरी मी दोन्ही माशांचा फोटो नेवाशाच्या मेव्हण्याला पाठवला. त्याच्याकडेही टँक आहे. दहा मिनिटांत उत्तर आलं, "शंभर टक्के हाच." दोन सूत्रं झाली. (मेव्हण्याने तोच फोटो त्याच दुकानदाराला पाठवून विचारलं होतं, हे नंतर कळलं.)

मग मी मुक्ताला रोज व्हिडिओ कॉल करू लागलो. एरवी आमचं बोलणं 'जेवलीस का'पाशी संपायचं. आता विषय होता. पाणी कधी बदललं, कोणता मासा वर येऊन हवेचा घोट घेऊन गेला. फोन ठेवल्यावरही मी टँकसमोर बसून राहायचो.

सहावा मात्र वाढत होता. मी कॅमेरा इतर पाचांवर धरायचो. एका रविवारी तो थेट कॅमेऱ्यासमोर आला आणि काचेला तोंड चिकटवून लटकला.

"बाबा, माझे मासे काचेला चिकटत नाहीत."

"हा जरा हौशी आहे."

"हा सकर आहे, वेगळीच जात. फूटभर होतो."

"कधी ओळखलंस?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज फोन करायला लागला होतात ना."

सकर आता वीतभर झालाय. त्याची जात मी अजून छापलेली नाही. पहिलं सूत्र मुक्ता. दुसरंही मुक्ताच, त्यासाठी तिला उद्या पुन्हा फोन करावा लागेल.