आपल्यातली माणसं

चंडीगडला आम्ही मराठी कुटुंबं महिन्यातून एका रविवारी जमायचो. नवं कुणी आलं की आधी आडनाव, मग गाव, मग "म्हणजे अमक्यांचे कोण?" अशी झडती व्हायची. उत्तरं पटली की माणूस विश्वासाचा. हातातली पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत निकाल लागायचा.

माझी शेजारीण शीख. तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात तिनं घराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि माहेरी निघून गेली. माझं आडनावसुद्धा विचारलं नाही. आमच्या रविवारच्या मराठी मंडळात मी हे हसतहसत सांगितलं.

"भोळी दिसते," एक वहिनी म्हणाल्या.

"किंवा फार हुशार," त्यांचे यजमान म्हणाले. पंजाबात अतिरेक्यांनी बसमधून उतरवून माणसं मारण्याचे ते दिवस होते. पगडी दिसली की आमच्यातले शूर पुरुष रस्ता बदलायचे.

एका सकाळी बाजारात गोळीबार झाला. दुपारी पोलिसांनी मास्तरांना उचललं. शेजारीण धावत माझ्याकडे आली.

"बहनजी, सुबह वो आपके सामने ही स्कूटर ठीक कर रहे थे. चौकी चलकर बस इतना कह दो."

मी पाहिलं होतं. गच्चीवर मिरच्या वाळत घालताना तासभर ते मला खाली दिसत होते. हातात पाना, बनियन तेलानं काळं. तरी मी म्हटलं, यांना विचारते. यांनी मंडळातल्या वहिनींच्या यजमानांना फोन लावला. "आपण बदलीवर आलेले. त्यांचं ते बघतील," असा सल्ला मिळाला.

फोन ठेवून हे म्हणाले, "तुला नक्की आठवतंय का?"

आणि मला आठवेनासं झालं! शेजारीण दारातच उभी होती. "वेळ नीट आठवत नाही," असं मी तिला मोडक्या हिंदीत सांगितलं.

चौकीत गेला तो कोपऱ्यावरचा म्हातारा इस्त्रीवाला. दोन थपडा खाल्ल्या, पण शब्द बदलला नाही. मास्तर तिसऱ्या दिवशी लंगडत घरी आले.

मी, निर्लज्जासारखी, शिरा घेऊन गेले. तिनं वाटी घेतली, "शुक्रिया जी" म्हणाली आणि दार लावलं. वर्षभरात ती माणसं डेराबस्सीकडे राहायला गेली. मला ते इस्त्रीवाल्याकडून कळलं. त्याला तिनं पत्ता दिला होता.