बाईंचा रविवार

पौषात आमच्या मळ्यात अशी थंडी पडते की फुलं तोडताना बोटं आपली आहेत की नाहीत ते कळत नाही. अंगात दोन स्वेटर, डोक्याला मफलर, तरी दात वाजत असतात. अशा थंडीत बाई मध्येच उठून पाण्याच्या टाकीशी जायच्या, पदराचं टोक भिजवायच्या आणि मानेवर, गळ्यावर फिरवायच्या. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम. "आतून भट्टी पेटलीय," एवढंच म्हणायच्या आणि पुन्हा शेवंतीच्या सरीत शिरायच्या. आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच हसायचे, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते आणि त्यामुळे मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मखमलाबादच्या पुढे आमचा फुलांचा मळा आहे. दादा, म्हणजे बाईंचे यजमान, टेंपोतून फुलं बाजारात नेतात. माझे यजमान सिन्नरला कारखान्यात, मी शाळेत, मुलं कॉलेजात. उरलेला मळा बाईंचा. सातबाऱ्यावर नव्हे, कामापुरता. पहाटे तोडणी, मग स्वयंपाक, दुपारी हार ओवायला बसायचं, संध्याकाळी निंदणी. सासूबाई ओट्यावर बसून देखरेख करायच्या, आणि त्यांच्या नजरेला चष्मा कधी लागला नाही.

मला बाई 'मॅडम' म्हणायच्या, आणि मॅडम म्हणून अरेतुरे करायच्या. "मॅडम, तुझा डबा भरलाय, पळ." त्या हाकेत थट्टा होती, कौतुकही होतं. माझी नोकरी टिकली ती बाईंच्या भाकऱ्यांवर, हे मी आज लिहिते आहे. त्या असताना एकदाही बोलले नाही.

आमच्याकडे पाळी आलेल्या बाईने फुलांना शिवायचं नाही. फुलं देवाला जातात आणि शिवलं तर झेंडू करपतो, असं सासूबाईंचं ठाम मत. स्वयंपाकघरही बंद. मी या घरात आले आणि वर्षभरात माझ्यापुरता हा नियम मोडून काढला. मग मोठ्या तावात बाईंनाही समजावायला गेले की हे सगळं थोतांड आहे, तुम्ही मुळीच बाजूला बसू नका. बाई पडवीत भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुला रविवार हाय. मला ह्योच रविवार. त्यो बी काढून घेती का?"

मी त्यावरही सुधारले नाही. त्यांच्या अज्ञानाची कीव करत शाळेत गेले.

पंचेचाळिशी ओलांडली आणि बाईंचा हा रविवार बिघडला. पाळी दोन-दोन महिने येईना. आली तर दोन दिवसांत आटपायची. आणि नेमकं तेव्हाच अंगातलं बळ गेलं. फुलांचा क्रेट उचलताना हात थरथरायचे. हार ओवता ओवता सुई हातात तशीच राहायची आणि बाई कुठेतरी बघत बसायच्या. त्यात जीव घाबरा होऊ लागला. दादांचा टेंपो अर्धा तास उशिरा आला की त्या मला चारदा फोन लावायला सांगायच्या, टेंपो उलटलाच असणार म्हणून. छातीत धडधडायचं, गॅस बंद आहे का ते पुन्हा पुन्हा बघायच्या. सासूबाई म्हणायच्या, आम्हाला नव्हतं बाई असलं काही. दादा म्हणायचे, हिला काम कमी पडतं. शेवटी त्यांना त्र्यंबकेश्वरला नेऊन अभिषेक केला. जाता-येता जीपमध्ये बाई गाढ झोपल्या, तेवढाच काय तो गुण आला.

"दमले" हे कारण आमच्या घरात चालत नव्हतं. सगळेच दमत होते. "भीती वाटते" हे तर त्याहून नाही.

आणि मग बाई वरचेवर पडवीत बसू लागल्या. पंधरा दिवसांनी अडचण, आठ-आठ दिवस अडचण. सासूबाई कुरकुरायच्या, पण देवाच्या फुलांचा प्रश्न, उठ म्हणणार कसं? मला मात्र काळजी वाटली. खरंच वाटली, एवढं मी माझ्या बाजूने म्हणते. मी कॅलेंडरवर फुल्या मारायला लागले, वर्गाची हजेरी मांडते तशा. चार महिन्यांच्या फुल्या जमल्यावर घरात सांगितलं, हे काही बरं लक्षण नाही, डॉक्टरकडे न्यायला हवं. शिकलेली म्हणून माझ्या शब्दाला वजन होतं.

डॉक्टरांनी विचारलं, अंगावरून किती दिवस जातं? विचारलं बाईंना, उत्तर दिलं मी. कॅलेंडर पुढे ठेवलं. सासूबाई शेजारी मान डोलावत होत्या. बाई स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या. सोनोग्राफीत गर्भपिशवीला बारीकशी गाठ दिसली, ती पुष्कळ जणींना असते म्हणे. डॉक्टर म्हणाले, या वयात पिशवीचा उपयोग काय, काढून टाका, कटकट मिटेल. बाईंना त्यांनी एकटीला एक शब्दही विचारला नाही. आम्हीही नाही.

पितृपक्षात आमच्याकडे चांगलं काम काढत नाहीत. पण फुलांना तेव्हा उठाव नसतो, म्हणून ऑपरेशन तेव्हाच ठरलं. सव्वा महिना विश्रांती सांगितली होती. सोळाव्या दिवशी घट बसले, झेंडूचे ढीग अंगणात आले आणि सासूबाई म्हणाल्या, बसूनच तर ओवायचेत. बाई खाटेवर उशीला टेकून हार ओवत होत्या आणि मी शाळेला निघाले होते. माझ्याकडे बघून त्यांनी डबा विसरू नको अशी खूण केली.

त्यानंतर बाईंना अडचण कधीच आली नाही. महिन्याचे तीसही दिवस त्या देवाच्या फुलांना चालत होत्या. भट्टी मात्र दुपटीने पेटली, धडधड वाढली, झोप उडाली. कधी कण्हल्याच तर सासूबाई म्हणायच्या, "आता काय दुखतंय? आता तर पिशवीबी नाय."

सात वर्षांनी माझी पाळी आली, म्हणजे भट्टीची. फळ्यावर लिहिताना ब्लाउज घामाने चिंब व्हायचा. मुलांच्या वह्या तपासताना विनाकारण रडू यायचं. मी शहरातल्या डॉक्टरणीकडे गेले. तिने मला एकटीला आत घेतलं, अर्धा तास ऐकलं, रक्त तपासलं, गोळ्या दिल्या आणि पंधरा दिवसांच्या रजेचा कागद लिहून दिला. घरी कुणी ब्र काढला नाही. कागदावर शिक्का होता.

मी दिवसाढवळ्या अंथरुणात पडले होते, बाई चहा घेऊन आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, जणू मीच पहिली. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या.

"मला तवा अडचण नव्हतीच, मॅडम," त्या म्हणाल्या.

मला कळेना. त्यांनी सावकाश सांगितलं. पाळी जवळजवळ गेलीच होती. पण पडायला दुसरं निमित्त नव्हतं, म्हणून अडचण आली असं सांगायच्या आणि पडवीत बसायच्या. आपण देवाशी खोटं बोलतो म्हणून मनातल्या मनात माफी मागायच्या.

"मग डॉक्टरसमोर गप्प का बसलात?" माझा आवाज चढला होता.

"सासूबाईंदेखत काय सांगू, खोटं बोलले म्हणून? अन् म्हणलं, पिशवी काढली तर सव्वा महिना तरी पडायला मिळंल." मग रिकामा कप माझ्या हातातून घेत म्हणाल्या, "तू पड. मी बघते तोडणीचं." आणि गेल्या. मी उठून त्यांच्यामागे गेले नाही. माझ्याकडे रजेचा कागद होता.

गेल्या मार्गशीर्षात, सकाळी चहा पिता पिता बाई गेल्या. छातीत कळ आली म्हणाल्या, आणि घरातल्या कुणालाच त्यात नवीन काही वाटलं नाही. दहाव्याला गोदावरीच्या घाटावर प्रवचन झालं. महाराज म्हणाले, या माउलीला कधी कुणी बसलेलं पाहिलं नाही. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. दादा हुंदके देत होते. त्यांचं रडणं खरं होतं, त्याचाच मला जास्त राग आला.

घरी आल्यावर सासूबाई तेच वाक्य आल्यागेल्याला सांगत बसल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "त्यांना बसायचं होतं."

सासूबाईंनी माझ्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्याने पाहिलं. "मंग बसायचं की. कोणी नाय म्हणलं होतं का?"

नव्हतंच म्हटलं कुणी. फक्त 'बस' असंही कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्या सगळ्यांत शिकलेली मी एकटी होते.