इंटरवलचे एकोणीस बिल्ले

मला रडके सिनेमे आवडतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. मी मराठीची एम.ए., बत्तीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होते. चांगलं काय असतं ते मला कळतं. कळूनसुद्धा मला ते सिनेमे आवडतात, ज्यांत सासू किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरते, नाग अगदी वेळेवर येतो आणि आंधळ्या मामाला आरतीच्या वेळी दिसायला लागतं. असले सिनेमे पुष्कळ जण चोरून बघतात. अंबूबाई उघड बघायची आणि त्यांच्यासाठी भांडायची. तिची गोष्ट सांगायला बसलेय. गोष्टीत एका विद्वानाची फजिती आहे आणि ती मी जराही कमी करून सांगणार नाही.

अंबूबाई हातकणंगल्याकडची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. राजारामपुरीत आमच्या गल्लीतच, आमच्या इमारतीच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची आणि एका टॉकीजमध्ये बाल्कनीच्या दारावर टिकटं फाडायची. बाल्कनीत बायका जास्त, म्हणून मालकानं दारावर बाई ठेवलेली. लुगड्यावर खाकी शर्ट घालून ती उभी राहिली की शिट्टी मारायची कुणाची टाप नव्हती.

इंटरवलला खाली चहाला जाणाऱ्याच्या हातात ती पत्र्याचा एक गोल बिल्ला द्यायची, वर नंबर ठोकलेला. परत आलं की बिल्ला द्यायचा आणि आत जायचं. टिकीट न काढता कुणी उरलेला अर्धा सिनेमा फुकट बघू नये, म्हणून ही व्यवस्था. असे साठ बिल्ले होते. रोजचे खेळ संपले की ते मॅनेजर कृष्णातरावांच्या ताब्यात द्यायचे, साठच्या साठ.

ब्याण्णव सालापासून बिल्ले कमी पडायला लागले. पंधरा दिवसांतून एक. तोही शुक्रवारीच.

कोण नेतं ते अंबूबाईला पक्कं ठाऊक होतं. प्राध्यापक धैर्यशील इंगवले. आमच्याच कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, फिल्म सोसायटीचे अध्यक्ष होते आणि रविवारच्या पेपरात सिनेमाची परीक्षणं लिहायचे. नवा सिनेमा लागला की शुक्रवारी सहाच्या खेळाला बाल्कनीत फुकट खुर्ची. इंटरवलला बिल्ला घेऊन जिना उतरायचे आणि परत यायचे नाहीत. रविवारी पेपरात मात्र शेवटासकट सगळं छापून यायचं.

या गृहस्थांचा आणि माझाही जुना हिशेब होता. एकदा भरल्या स्टाफरूममध्ये मला म्हणाले, "ग्रंथपालबाईंचं बरं असतं. पुस्तकाची पाठ वाचली की काम झालं." सगळे हसले. मीही हसले. ते माझं हसू मला अजून टोचतं.

त्र्याण्णवच्या जानेवारीत 'सहा महिन्यांची आई' लागला. दोन भाऊ शेताबरोबर आईचीही वाटणी करतात, सहा महिने ह्याच्याकडं, सहा महिने त्याच्याकडं. सिनेमा वाईट होता, खोटं कशाला बोलू? नाग रबराचा होता. विनोदी नट धोतर सोडण्यापलीकडं काही करत नव्हता. पण इंटरवलनंतर ती आई जे करते, ते मी तोवर कुठल्याच मराठी सिनेमात बघितलं नव्हतं. अंबूबाईनं तर तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या बायका दारोदार फिरून गोळा केल्या. "चला गं, पदर न्हाय तर धडपा घेऊन या सोबत. लई रडवतंय. आन रडवून झाल्यावर असं काय दावतंय, की घरला जाताना मान ताठ व्हतीया."

त्या रविवारी इंगवल्यांचं परीक्षण आलं. 'अश्रूंचा कारखाना' असा मथळा. "शेवटी नेहमीप्रमाणे आई मुलांना क्षमा करून त्यांच्याच मांडीवर प्राण सोडते," असं लिहिलं होतं. आणि पुढं, "बाल्कनीच्या दारावरची बाईसुद्धा पदराने डोळे पुसत होती. असे प्रेक्षक आहेत तोवर असेच चित्रपट निघणार."

अंबूबाई अक्षर लावून वाचायची. त्या दिवशी पेपर घेऊन माझ्याकडं आली आणि म्हणाली, "मॅडम, मोठ्यानं वाचा. मी नीट वाचलंय का बघायचं हाय."

मी वाचलं.

"आई मरती म्हणतोय?"

"तसंच लिहिलंय."

"मरत न्हाय की ती!" तिनं पेपराची बारीक घडी घातली. "आन मी डोळं पुसत व्हते ते ह्येला दिसलं. पुढचा सिनेमा न्हाय दिसला."

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट लिहिली नसती. रोज न मोजताच बिल्ले ठेवून घेणाऱ्या कृष्णातरावांनी त्याच आठवड्यात ते मोजले. एकोणीस कमी. "अंबूबाई, भाचं घुसवतीस व्हय फुकट?" असं त्यांनी चार पोरांदेखत विचारलं. तिनं इंगवल्यांचं नाव घेतलं, तर ते हसले. "प्राध्यापक माणूस पत्र्याचा तुकडा पळवतोय? कुणाला सांगतीस?" आणि तिला दारावरून काढून खाली झाडू हातात दिला. खाकी शर्ट काढून घेतला आणि बिल्ल्यांची पद्धतही बंद केली. चौथ्या आठवड्यात सिनेमाही उतरवला. हातकणंगल्याला भावकीत बातमी गेली की अंबू थेटरात चोरी करताना घावली. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका तिला आली नाही.

ती रडली नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून एवढंच म्हणाली, "त्येच्या तोंडानं शेवट वदवून घेईन. चार लोकांत. आन कृष्णातरावास्नी बिल्ले मोजून दीन. त्याबिगर मरत न्हाय."

"कसं करणार?"

"ते तुमी बघा की. शिकलासा कशाला मग?"

दहा वर्षं गेली. टॉकीज बंद पडलं. अंबूबाई पोळ्या लाटायच्या कामाला लागली. मी निवृत्त झाले. इंगवले मात्र चढतच गेले, सत्कार काय, व्याख्यानं काय. त्यांचा फोटो पेपरात आला की अंबूबाई त्यावर लसूण सोलायला बसायची. दर वेळी मला विचारायची, "मॅडम, काय सुचलं का?" मला काही सुचत नव्हतं. एवढं शिकून नुसतं "थांब जरा" म्हणायची मला लाज वाटायची.

दोन हजार तीनच्या संक्रांतीला इंगवल्यांच्या बायकोनं, विद्याश्री वहिनींनी, हळदीकुंकवाला बोलावलं. वाण घ्यायला वाकले आणि माझ्या ब्लाउजचा हूक तुटला. वहिनी मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि सुईदोऱ्यासाठी बटणांचा डबा उघडून चादरीवर पालथा केला. बटणं, हूक, प्रेसची टिचबटणं. आणि त्यात पत्र्याचे गोल बिल्ले.

"वहिनी, हे काय?"

"ते होय? ह्यांच्या पँटच्या खिशात निघायचे, धुताना. शुक्रवारी सिनेमाला गेले की शनिवारी एखादा. फेकवत नव्हते, म्हणून टाकत गेले डब्यात."

"सिनेमा नऊला सुटायचा ना?"

वहिनी सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हे आठला पाटावर असायचे. गरम भाकरी लागते ना त्यांना." मग सगळे बिल्ले गोळा करून त्यांनी माझ्या वाणाच्या पिशवीत ओतले. "घेऊन जा बाई. माझ्या घरात नकोत."

त्यांना किती कळलं होतं, मी कधी विचारलं नाही. घरी येऊन आम्ही दोघींनी मोजले. एकोणीस. अंबूबाईनं एकेक बिल्ला चिंचेनं घासून लख्ख केला.

ऑगस्टात इंगवल्यांच्या निवडक परीक्षणांचं पुस्तक निघालं. नाव काय, तर 'अंधारातले तीन तास'. प्रकाशनाला पुण्याहून मोठे पाहुणे येणार होते. वाचकांच्या वतीनं कुणीतरी दोन शब्द बोलायला हवं होतं. इंगवल्यांनी मला फोन केला. मी लगेच हो म्हटलं, इतक्या गोड आवाजात की माझं मलाच नवल वाटलं. कृष्णातरावांच्या घरी मी स्वतः जाऊन पत्रिका दिली. आणि आमच्या गल्लीतल्या चौदा बायका तिसऱ्या-चौथ्या रांगेत नेऊन बसवल्या.

माझी पाळी आली तेव्हा मी दोन नव्हे, एकच वाक्य बोलले. "सरांच्या पुस्तकात ज्यांचा उल्लेख आहे अशा एक वाचक इथं आल्यात, त्याच बोलतील." आणि माईक अंबूबाईच्या हातात दिला.

"सर, वळखलं का?"

"नाही... कोण आपण?"

"बाल्कनीच्या दारावरची. पदरानं डोळं पुसणारी. मॅडम, पान कितवं?"

"एकशे बारा," मी म्हटलं.

"एकशे बाराव्या पानावर हाय मी. तर सर, एवढं सांगा. त्या सिनेमाचा शेवट काय हाय?"

इंगवले पाहुण्यांकडं बघून हसले. "मावशी, असल्या सगळ्या सिनेमांचा शेवट एकच. आई मुलांना माफ करते आणि त्यांच्या मांडीवर डोळे मिटते."

"मरत न्हाय की ओ ती!" चौथ्या रांगेतून धोंडुबाई उठून ओरडली. माझ्या शेजारची धोंडुबाई, तिला कुजबुजायचं तर ती गल्लीभर ऐकू जाते. मग सगळ्याच सुटल्या. "खानावळ काढती! पोरास्नी हाकलती! बघितलासा कवा?"

सभागृह हसायला लागलं. पुण्याचे पाहुणे पुढं झुकले. "थांबा, थांबा. मग काय होतं?"

आणि अंबूबाईनं शेवट सांगितला. कितीतरी वर्षं मी उगाच समजत होते की असल्या सिनेमांची बाजू घ्यायची तर आपल्यासारखं शिकलेलं माणूस पाहिजे. "आई एका पहाटं गाठोडं घेती आन निघती. एस्टी स्टँडम्होरं भाकरी थापायला बसती. खानावळ व्हती तिची. पाच वर्सांनी दोगं पोरगं येत्यात, भुकंनं व्याकूळ. ती वळखती. दोगास्नी पोटभर वाढती. आन हात धुतल्यावर म्हणती, 'जेवलासा? आता उठा. ह्या घरात तुमची वाटणी न्हाय.' आन दार लावती. माफी न्हाय, मरान न्हाय. आमी त्येला रडत व्हतो, सर. तुमी तवा घरला भाकरी खात व्हता."

इंगवले घाम पुसत म्हणाले, "हे बघा, शितावरून भाताची परीक्षा होते. जाणकाराला अर्ध्यावरूनच कळतं."

"व्हय की. पर भात चुलीवर चढायच्या आदीच शीत उचललं, तर कच्चंच लागंल."

मग तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली आणि इंगवल्यांच्या नव्या कोऱ्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यावर एकेक बिल्ला ठेवायला सुरुवात केली. नंबर मोठ्यानं वाचत. सात. बारा. एकतीस. माईकसमोर पत्रा वाजत होता. "ह्ये ह्येंच्या खिशात व्हते. कृष्णातराव, या म्होरं. मोजून घ्या."

कृष्णातराव पाचव्या रांगेतून उठले. म्हातारे झाले होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एक बिल्ला डोळ्यांजवळ धरला, उलटा केला, सुलटा केला. "आपलाच हाय," म्हणाले. आणि मग, "चुकलं माझं, अंबूबाई."

"तोंडानं नगं. ल्हिऊन द्या."

त्यांनी माझंच पेन मागितलं आणि पत्रिकेच्या पाठीवर लिहिलं, 'अंबूबाईने एकही बिल्ला चोरला नाही.' खाली सही, तारीख. पहिल्या रांगेत विद्याश्री वहिनी हातातल्या बांगड्या नीट करत बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहीत नाही. त्यांना अजून त्याच घरात राहायचंय.

इंगवल्यांचं सदर दिवाळीपर्यंत बंद झालं. अंबूबाईनं ती पत्रिका लॅमिनेट करून घेतली, तिच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि एक हातकणंगल्याला भावकीत पाठवली. पुतण्या न्यायला आला. ती गेली नाही.

मग एका संध्याकाळी इंगवले तिच्या खोलीवर आले. हातात पेढ्यांचा पुडा. मी तिथंच मेथी निवडत बसले होते. "मावशी," ते म्हणाले, "दहा वर्षांपूर्वीचं ते. माझंही वय झालं. मनातून काढून टाका. पुढच्या आवृत्तीत ते वाक्य वगळीन मी."

अंबूबाई उठली. स्टोव्ह पेटवला, आलं ठेचून चहा केला, तो कपबशीत त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी फुंकर मारून सगळा प्यायला. त्यांना वाटलं, मिटलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

तिनं कपबशी उचलली, विसळली, पालथी घातली आणि पेढ्यांचा पुडा परत त्यांच्या हातात दिला.

"च्या झाला? आता उठा. ह्या घरात तुमची वाटणी न्हाय."

आणि ती दाराला हात लावून उभी राहिली. पूर्वी उभी राहायची तशीच.

इंगवले उठले. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. स्कूटरची किल्ली फिरवत ते मला विचारत होते, "वाटणी? कसली वाटणी म्हणाल्या त्या?"

मी सांगितलं नाही.