घर सोबत, मुक्काम दुसऱ्याकडे

स्वतःचे घर सोबत घेऊन निघालेले कुटुंब दर मुक्कामाला दुसऱ्याच्या घरी का झोपते? हा प्रश्न मला सोळाव्या वर्षी पडला आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्या वेळी मला कोणी दिले नाही. आता मी शाळेत शिकवते. उदाहरण सोडवण्याआधी दिलेली माहिती नीट मांडावी, असे मी मुलांना सांगते. तीच शिस्त येथे पाळते.

आई, बाबा आणि मी असे आम्ही तिघे कॅल्गरीत राहत होतो. त्या उन्हाळ्यात टोरांटोला मावशीकडे विमानाने न जाता रस्त्याने जायचे ठरले आणि बाबांनी आरव्ही भाड्याने घेतली. आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर. पुढे चालकाची जागा, मागे झोपायची सोय, मध्ये टेबल, शेगडी, फ्रीज आणि कोपऱ्यात इवलेसे न्हाणीघर. ज्या कुटुंबाकडे हे सर्व आहे, त्याला रात्री आसरा शोधण्याचे कारण उरत नाही. निदान तर्काने तरी उरू नये.

या प्रवासातील एकच गोष्ट माझ्या नावावर होती. सुपीरियर सरोवराच्या उत्तर काठावरील एका उद्यानात, गाडी उभी करण्याची, पाण्याला अगदी लागून असलेली जागा मी शुक्रवार आणि शनिवार अशा दोन रात्रींसाठी आरक्षित केली होती. काठावरच्या जागा आरक्षण खुले होताच संपतात. त्यासाठी मी हिवाळ्यातल्या एका सकाळी शाळेपूर्वी संगणकासमोर ठाण मांडून बसले होते. कारण सांगते. मी दहा वर्षांची होईपर्यंत नागपुरात वाढले, नंतर कॅल्गरीत. एक शहर देशाच्या मध्यावर, दुसरे डोंगरांच्या अलीकडे. ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही असे पाणी मी विमानाच्या खिडकीखेरीज कोठून कधी पाहिले नव्हते. त्या पाण्यातून सूर्य वर येताना मला आमच्या स्वतःच्या दारातून पाहायचा होता. दोन सकाळी मागितल्या होत्या, कारण एका सकाळी ढग असू शकतात.

निघालो त्या दुपारी आईने रस्त्याकडेच्या विश्रांतीच्या जागेत पोह्यांना फोडणी दिली. मोहरी तडतडली आणि धुराचा गजर असा वाजू लागला की शेजारच्या ट्रकमधला माणूस पाहायला उतरला. बाबा टॉवेल फडकावत होते, आई "बंद कर ना ते आधी!" म्हणत होती, आणि मी मनापासून हसत होते. त्या शेगडीवर यानंतर बरेच दिवस काही शिजले नाही. का, ते आता येईलच.

पहिला मुक्काम सस्काटूनला. नकाशावर सरळ पूर्वेला जाणारा महामार्ग सोडून आम्ही उत्तरेकडे वळलो, कारण बाबांचे कॉलेजातले मित्र तेथे खाणीत अभियंता होते. आरव्ही त्यांच्या घरासमोरच्या ड्राइव्हवेत शिरताच काका बाहेर आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"काय बे, घर घेऊनच फिरतो का तू? आमच्या घरात जागा नाही असं कोणी सांगितलं तुला?"

"नाही बे," बाबा ओशाळून म्हणाले, "पोरीची हौस."

मी काकूंना शक्य तितक्या नम्रपणे म्हणाले, "काकू, आम्ही गाडीतच झोपणार आहोत. दॅट्स द होल पॉइंट."

"ड्राइव्हवेत? शेजारचे म्हणतील पाहुण्यांना बाहेर ठेवलं. बेसमेंटमध्ये गाद्या घालून ठेवल्यात मी. गाडीत काय, टोरांटोला गेल्यावर झोप."

बेसमेंटच्या छताजवळ एक आडवी खिडकी होती. माझ्या गादीवरून तिच्यातून आमच्या आरव्हीची चाके दिसत होती; तेवढीच. सकाळी काकूंनी पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि दशम्या इतक्या बांधून दिल्या की फ्रीजचे दार हाताने दाबून लावावे लागले.

रेजायनात आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्यांना आम्ही ओळखतही नव्हतो. सस्काटूनच्या काकूंनी आपल्या मामेबहिणीला फोन करून ठेवला होता आणि त्या बाई आम्ही पोचण्याआधीच कणीक भिजवून बसल्या होत्या. तेथेही बेसमेंट, तेथेही ताज्या चादरी. मी रागाने आईला विचारले, "आपण गाडी कशाला घेतली मग?" आई कुजबुजली, "हळू बोल. त्यांनी इतकं केलंय." कोणी इतके करावे असे आपण म्हटलेच नव्हते, हे माझे म्हणणे तिला उद्धटपणाचे वाटले. मला अजूनही ते केवळ बरोबर वाटते.

गुरुवारी संध्याकाळी विनिपेगला पोचलो. येथे मात्र मला थोडा अपवाद करावा लागेल. येथल्या काका-काकूंच्या कॅल्गरीतल्या बेसमेंटमध्ये आम्ही आमचा पहिला हिवाळा काढला होता. माझे पहिले स्नोबूट काकूंनी घेऊन दिले होते आणि बर्फावर पाय कसा टाकायचा हे आईला त्यांनी हात धरून शिकवले होते. पुढे काकांच्या नोकरीमुळे ते विनिपेगला गेले. त्यांच्याकडे एक रात्र राहणे मला मान्य होते. ती मी आधीच हिशेबात धरली होती. शुक्रवारी पहाटे निघायचे आणि संध्याकाळी सरोवर गाठायचे, असे ठरले होते.

जेवताना काकू आमटी वाढत म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी सत्यनारायण आहे. नव्या घराचा. गेल्याच पौर्णिमेला करणार होतो, पण म्हटलं तुम्ही येताय तर तुम्ही असतानाच करू. गुरुजी नाशिकहून व्हिडिओवर सांगतात. त्यांची पहाट म्हणजे आपली संध्याकाळ, म्हणून सकाळी नाही जमत."

"अगं बाई, आमच्यासाठी थांबलात?" आई म्हणाली. बाबांनी माझ्याकडे पाहिले, मग ताटाकडे.

"बाबा," मी म्हणाले, "पहिल्या रात्री आपण पोचलो नाही तर जागा शनिवारी दुपारी बारापर्यंतच ठेवतात. मग दुसऱ्याला देतात."

"मग शनिवारी पहाटे निघू. होईल."

"नाही होणार. दिवसभराचा रस्ता आहे. आणि पूर्वेकडे जाताना घड्याळ एक तास पुढे जातं, तोही धरा."

"आली बघा मास्तरीण!" काका हसले. "अगं, तलाव कुठे पळून जातोय का?"

"तलाव नाही जाणार, काका. जागा जाईल."

"पाणीच बघायचंय ना तुला?" काकू म्हणाल्या. "आमची रेड नदी बघ उद्या. तीही ओलीच आहे."

सगळे हसले. विनोद चांगला होता, हे आज मी मान्य करते. त्या वेळी मी ताट घासायला उठले, कारण रडू येत असताना करण्यासारखे तेवढेच काम तेथे होते.

शुक्रवारी मी उद्यानाच्या कार्यालयात फोन केला. तेथील बाई सौजन्याने बोलल्या, पण नियम तोच राहिला. नियमाविषयी माझी तक्रार नाही. मी त्यांच्या जागी असते तर तेच केले असते. माझी तक्रार अशी की आमच्या प्रवासात हा एकच नियम असा होता जो कोणाचेही मन न पाहता चालत होता, आणि म्हणूनच तो कोणी मोजला नाही. काकूंचे मन दुखावले असते. माझे दुखावत होते. परंतु मी घरची होते.

संध्याकाळी पूजेच्या वेळी टॅबलेट धरायचे काम माझ्याकडे आले. गुरुजी पडद्यावरून म्हणाले, "ताई, मला फ्रीज दिसतोय. कॅमेरा जरा देवाकडे करा." मी केला. कथेचे पाचही अध्याय मी टॅबलेट हात न हलवता धरून उभी होते. ज्या क्षणी मी पाण्याच्या काठी खुर्ची मांडणार होते, त्या क्षणी मी केळीच्या खांबांऐवजी लावलेल्या कुंडीतल्या रबराच्या झाडाकडे पाहत होते.

शनिवारी पहाटे अर्थातच निघालो नाही. "उपाशी पोटी जायचं नाही" म्हणून उपमा झाला, मग प्रसादाचा शिरा डब्यात भरणे झाले, मग अंगणात फोटो झाले. गाडी रस्त्याला लागली तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते. ऑन्टारिओच्या जंगलातून जाताना दुपारचे बारा वाजले. मी घड्याळाकडे पाहिले आणि बाबांनी ते पाहिले.

"होईल काहीतरी," ते म्हणाले.

"झालं, बाबा. बारा वाजले."

त्यांनी रेडिओ बंद केला.

उद्यानात पोचलो तेव्हा जागा गेलेली होती. कार्यालयातल्या बाईंनी दुसरी दिली. ती आत झाडांमध्ये, सार्वजनिक वॉशरूमच्या शेजारी होती. आमच्या दारातून दिसत होते ते वॉशरूमचे दार आणि टूथब्रश घेऊन जाणारी माणसे. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच आम्ही स्वतःच्या गाडीत झोपणार होतो आणि मी टेबलावर डोके ठेवून बसले होते.

आईने शिऱ्याचा डबा काढला. "चल माझ्याबरोबर," म्हणाली.

"कुठे?"

"चल तर."

ती सरळ काठावरच्या त्या जागेकडे चालू लागली. काय होणार हे कळून मी "आई, प्लीज, डोन्ट" म्हणत मागे धावले. माझ्या जागेवर एक वृद्ध जोडपे खुर्च्या टाकून बसले होते. आई त्यांच्यासमोर उभी राहिली, डबा पुढे केला आणि आपल्या इंग्रजीत म्हणाली, "माय डॉटर बुक्ड धिस प्लेस. वी आर लेट. धिस इज स्वीट फ्रॉम अवर पूजा."

आजोबा दचकून उठलेच. आम्ही जागा परत मागायला आलो आहोत असे त्यांना वाटले. आजींनी मात्र डबा उघडून वास घेतला आणि विचारले, "यात वेलची आहे का?" एवढ्यावर दोन्ही बाजूंची ओळख झाली. आणखी खुर्च्या निघाल्या. बाबांनाही हाक मारण्यात आली. माझी हकीकत कळल्यावर आजी म्हणाल्या की सकाळी सूर्योदयाला नक्की या, कॉफी आमच्याकडे. आईने क्षणाचाही विचार न करता होकार दिला.

सकाळी आम्ही गेलो. आकाश निरभ्र होते. पलीकडचा काठ नव्हता. पाणी जेथे संपत होते तेथे आधी एक फिकट रेघ उमटली, मग ती जाड झाली आणि तांबडी झाली. त्याच वेळी आजींनी मला विचारले, मी कितव्या इयत्तेत आहे. मी सांगितले. मग पुढे काय शिकणार ते विचारले. पाहुण्याने यजमानाकडे पाहून बोलावे, हे मला घरीच शिकवलेले होते. उत्तर संपवून मी मान वळवली तेव्हा सूर्य पाण्याच्या वर सुटा झालेला होता.

मी तो पाहिला नाही असे नाही. अर्धा पाहिला. पण पाहुणीने काय करावे, कोठे पाहावे आणि केव्हा उठावे हे दुसरा ठरवतो, आणि नेमके तेच टाळण्यासाठी मी ती जागा माझ्या नावावर घेतली होती. आईने माझ्यासाठी जे केले ते प्रेमाने केले; तिला ठाऊक असलेला एकमेव मार्ग तिने वापरला. माझी जागा ज्या मार्गाने गेली होती, तोच तो मार्ग होता.

आता उत्तराकडे येते. भीड हे कारण पुरेसे नाही. रेजायनाच्या बाईंची आम्हाला भीड नव्हती, ओळखच नव्हती. एकमेकांचे उपकार हेही पुरेसे नाही. सरोवराकाठच्या आजींचे आमच्यावर काही उपकार नव्हते. मला पटलेले कारण त्याच दुपारी मिळाले. गाडी पुन्हा महामार्गाला लागली होती आणि आईने विनिपेगच्या काकूंना फोन लावला होता. काकूंनी विचारले असावे की तलाव कसा होता.

"खूप छान!" आई म्हणाली. "अगं, तिथे एक म्हातारं जोडपं भेटलं. तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी कॉफी स्वतः केली तिने. मुलगी हॅलिफॅक्सला असते. शिरा फार आवडला दोघांना. कृती लिहून घेतली."

बोलणे पुष्कळ वेळ चालले. मी मागच्या टेबलापाशी बसून कान देऊन ऐकत होते. पाण्याविषयी त्यात एकही वाक्य नव्हते.

तेव्हा माझे उत्तर असे आहे: माझ्या आईवडिलांच्या लेखी गाव म्हणजे तेथे आपल्याला "जेवलात का?" असे विचारणारा माणूस. असा माणूस जेथे नाही तेथे ते पोचतच नाहीत, मग गाडीत पलंग असो वा नसो. हे उत्तर सापडल्याने माझा राग गेलेला नाही. राग गेला की उत्तर बरोबर, असा नियमही नाही.

एका कुटुंबावरून काढलेला निष्कर्ष सर्वांना लागू करणे चूक ठरेल, हे मला कळते. म्हणून वाचकांना विनंती करते. आपल्या घरातले वडीलधारे प्रवासाहून परततील तेव्हा त्यांना "काय पाहिलंत?" एवढेच विचारा, मध्ये बोलू नका, आणि उत्तरात जागा किती येतात व माणसे किती, ते ऐका. मी सांगितले म्हणून मानू नका. कृपया स्वतः तपासून पाहा.